मधला तुकडा

सुरेखा,

तू गेल्यावर तुझ्याबद्दल माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते भांडणाचं होतं. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल.

दुकान नुकतंच उघडलं होतं. फोनवर तुझं नाव आलं. आपला तीन आठवड्यांचा अबोला, म्हणून मी लगेच उचलला नाही. म्हटलं, आली ना बाई शेवटी वळणावर, वाजू दे जरा. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला आणि नुसतं म्हणाले, "बोल." पलीकडे तुझा निखिल. "मावशी, मम्मीचा फोटो फ्रेम करायचा होता." मी सवयीनं विचारलं, "केवढा?" तो म्हणाला, "बारा बाय अठरा. पट्टी जरा चांगली लावा." माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, तू ठरवलेल्या त्या प्रदर्शनाच्या दाराशी लावायला स्वतःचा फोटो करून घेते आहेस, आणि मला मनवायला पोराला पुढे केलं आहेस. मी म्हणाले, "तिला सांग, लाव तुझा एकटीचा फोटो, हारही घालून घे. मला त्यात ओढू नको. आणि स्वतः बोलायला काय झालं तिला?"

निखिल म्हणाला, "मावशी, तुम्हाला कळलं नाही का? ग्रुपवर टाकलं होतं. मम्मी काल सकाळी गेली."

"कुठे?" मी विचारलं.

खरंच विचारलं गं. हा शब्द आपण मेलेल्या माणसासाठी रोज वापरतो, दुकानात तर मी दिवसातून चारदा ऐकते, आणि तरी मी त्या पोराला विचारलं, कुठे गेली. तो रडायला लागला तेव्हा मला कळलं. तुमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी कशाला असेन? तू चहा ठेवलास, छातीत कळ आली, दवाखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत संपलं, दुपारी तुला नेलंसुद्धा. त्या वेळी मी धुळ्यात कुणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो ठोकत बसले होते. दुपारी जेवलेसुद्धा. वांग्याची भाजी होती.

अजून मला हे पटत नाही. मधूनच फोन हातात घेते आणि तुझे ते तीन सोमवारचे तीन मेसेज बघते. तीन शब्द. झाकण. पायरी. हळद. मी भांडून बसले होते तरी तू आपला नेम मोडला नाहीस. दर सोमवारी एक शब्द पाठवलास. मी तिन्ही वाचले, तुला ते वाचल्याचं दिसलंही असणार, आणि मी एकाही शब्दाला उत्तर दिलं नाही.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस ते आठवतं? कसल्याशा प्रशिक्षणासाठी जळगावच्या चार-पाच चित्रकलेच्या बाई धुळ्याला आल्या होत्या. बाकीच्या बाजारात गेल्या, तू माझ्या दुकानात शिरलीस. पिशवीतून कांद्याच्या गोणीचा लाल जाळीचा तुकडा काढलास. त्यावर जुन्या परकराच्या नाडीनं टाके घातलेले. मी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे फ्रेम करण्यासारखं नाही." तू विचारलंस, "मग फ्रेम करण्यासारखं काय असतं?" मी म्हणाले, "देव, नवरा-नवरी आणि गेलेली माणसं." तू एवढ्या मोठ्यांदा हसलीस की समोरचा चपलांचा दुकानदार बघायला आला. मग बसलीस स्टुलावर ठाण मांडून. मी एका फोटोला माउंट कापत होते. माउंट म्हणजे फोटोभोवतीचा तो जाड पांढरा पुठ्ठा, त्याच्या मध्ये चौकोनी खिडकी कापायची असते. मधला तुकडा खाली पडला. तू वाकून उचललास. "याचं काय करतेस?" म्हटलं, काय करणार, पोरांना रेघोट्या मारायला देते, नाहीतर जातो कचऱ्यात. तू म्हणालीस, "माले दे." शिंदखेड्याची तू, आणि मीही त्याच बाजूची, हे तेव्हा कळलं. माझे वडील गेल्यापासून दुकान मीच चालवते हे तुला कळलं. उठताना तू पडलेल्यातले असे दोन तुकडे घेतलेस आणि एक मला परत दिलास. म्हणालीस, यावर तूही कर. शब्द आहे 'भूक'.

मला कोणी असं काही सांगितलंच नव्हतं कधी. मी फ्रेम करणारी बाई, लोकांच्या चित्राला चौकट घालणारी.

तू केलंस ते असं: भज्यांच्या पुडीचा कागद, त्यावर तेलाचा डाग, बाकी काही नाही. उजेडासमोर धरलं की डागातून पलीकडचं दिसायचं. मी आठ दिवस वैतागले. मग एका दुपारी सहा बारीक खिळे ओळीत ठोकले, पाचांवर एकेक वॉशर घातला आणि सहाव्याला नुसतं ठेवलं. घरात आम्ही सहा होतो, आई शेवटी बसायची. तुला काहीच सांगितलं नव्हतं. तू हातात घेतलंस, बराच वेळ बघत राहिलीस आणि विचारलंस, "आई का?" त्या दिवसापासून मी तुझी झाले.

मग नियमच पडला. दर सोमवारी एक शब्द, एकदा तुझा, एकदा माझा. विकत काही आणायचं नाही, हाताशी असेल तेच वापरायचं. फोटो काढून पाठवायचा नाही, कारण फोनवर हे सगळं मेलेलं दिसतं असं तुझं म्हणणं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एरंडोलच्या स्टँडवर भेटायचं आणि बदलाबदल करायची. तुझं माझ्याकडे, माझं तुझ्याकडे. त्यावरूनही मी भांडायचे, कारण एरंडोल तुला जवळ आणि मला लांब. "पारोळ्याला भेटू, मग मी जवळ," असं म्हटलं की तू म्हणायचीस, "पारोळ्याचा चहा बेकार." सहा वर्षं तू मला हेच कारण दिलंस. एरंडोलचा चहाही काही अमृत नव्हता.

तुझ्या 'ऊन'ची मला अजून मजा वाटते. शाळेच्या खिडकीत पडून राहिलेलं खाकी पाकीट, उन्हानं पांढरं पडलेलं, आणि ज्या ठिकाणी पुस्तक ठेवलेलं तेवढा चौकोन गडद राहिलेला. तू त्याला हातही लावला नव्हतास, नुसतं कापून चिकटवलं होतंस. मी म्हटलं, यात तू काय केलंस? तू म्हणालीस, "बघितलं." 'माहेर'साठी तू शिंदखेड्याची एसटीची तिकिटं लावलीस. वर्षभरात त्यांची शाई उडून गेली आणि कोरे कागद उरले. मी घाबरून फोन केला की तुझं चित्र पुसलं, तर तू खूश. म्हणे दरवर्षी जास्त चांगलं होत जाईल. आणि ती तुझी गव्हाच्या पिठाची खळ! किती वेळा सांगितलं, खळ लावू नको, झुरळं खातात, माझ्याकडचा चांगला गोंद घेऊन जा. "खाऊ दे की, त्यांनाही शब्द कळू दे." तुझी चित्रं मी कपाटात ठेवते, दर महिन्याला उघडून बघते, कडुनिंबाचा पाला बदलते. एकालाही झुरळ लागू दिलं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस.

आता भांडणाचं.

तू म्हणत होतीस, प्रदर्शन करू. प्रत्येक शब्दाच्या दोन्ही चित्रांची जोडी, शेजारी शेजारी. मी म्हणत होते, तुझं मांड, मी फुकट फ्रेम करून देते, माझं नको. तू बाई आहेस चित्रकलेची, मी दुकानदार. तुझ्या घरी हे बोलणं निघालं तेव्हा प्रियंकानं, तुझ्या सुनेनं, माझे तुकडे तू ठेवायचीस त्या मिक्सरच्या खोक्यात डोकावून सहज विचारलं, "मावशी, हे काय आहे?" आणि मी म्हणाले, "कचरा गं तो माझा. तुझी सासू उगाच सांभाळत बसते." तू शेवभाजीचा डाव भांड्यात तसाच सोडलास. तुला इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. "ते तुनं नही आते. मी घेतलं ना? मग मनं शे ते. मन्या वस्तूले नावं ठेवानी नही." दिलं की ते तुझं झालं, मी नावं ठेवायची नाहीत. प्रियंका आपली एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघते आहे. मी जेवले नाही, उठून बसस्टँडवर आले. तू मागे आली नाहीस. मग फोनवर तूच सांगितलंस की हॉलही सांगून ठेवला आहेस, मला न विचारता. मग मीही हट्टाला पेटले. तुझं म्हणणं होतं, मी नम्रपणाचा आव आणते आणि आतून भित्री आहे. माझं म्हणणं होतं, तू मास्तरीण असल्यामुळे तुला सगळ्यांनाच पास करायची सवय आहे. हे वाक्य मी मुद्दाम लागेल असं बोलले होते, आणि ते तुला लागलं.

निखिलनं पाठवलेला फोटो स्टुडिओवाल्यानं साफसूफ करून दिला होता. मागे निळा रंग, चेहरा गुळगुळीत, आणि हनुवटीवरचा तीळ गायब. मी त्या माणसाला फोनवर असं झापलं की तो घाबरून म्हणाला, ताई, तीळ परत लावतो. लावला. मग मी काच कापली. काच कापायचा हिरा एरवी मी एकदाच फिरवते, त्या दिवशी दोन काचा वाया गेल्या. मग माउंट कापला. मधला तुकडा सुटून खाली पडला, मी वाकले, उचलला, धूळ झटकली आणि फळीवर तुझ्यासाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात ठेवून दिला. ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिथंच खाली बसले. समोरचा चपलावाला हाक मारत राहिला.

सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी फोटो घेऊन मी निघाले. एरंडोलला बस थांबली, लोक चहाला उतरले. मी उतरले नाही. फ्रेम मांडीवर धरून बसून राहिले आणि कंडक्टरनं विचारलं तेव्हा नाही म्हणून मान हलवली.

तुझ्या घरी दुखवट्याला दारावर बसायला आलेल्या बायका, आत स्वयंपाक, अंगण धुतलेलं. घर ओळखू येत नव्हतं इतकं स्वच्छ. फोटो लावून झाला. सगळे म्हणाले, छान झाला. मी मनात ठरवून आले होते की खोकं मागायचं. तुझं प्रदर्शन होऊ द्यायचं, जोडीनं, तू म्हणालीस तसं. तुझ्यापुढे हरायची ही शेवटची संधी होती, आणि मला ती पाहिजे होती. प्रियंकाला विचारलं, "ते मिक्सरचं खोकं कुठे ठेवलंय गं?"

तिचा चेहरा बघूनच मी समजले.

सुतक फिटायच्या आधी घर धुऊन-पुसून काढलं होतं. तुझ्या चुलतसासू, अक्का, हुकूम सोडत होत्या, "हाऊ बठ्ठा पसारा काढी टाक, पोरी." प्रियंकानं खोकं उघडलं. लाकडाचा भुसा, काचेचे कपचे, खिळे, ब्राऊन टेप, दोऱ्या. तिला आठवलं मी काय म्हणाले होते. तिनं ते उचलून घंटागाडीत दिलं. तीन दिवस झाले होते. पोरगी हात जोडून म्हणाली, "मावशी, तुम्हीच म्हणाला होतात ना."

मीच म्हणाले होते.

सुरेखा, मग मी तुझ्या घराच्या मधोमध बसून अशी रडले की रस्त्यावरचे लोक थांबले. अक्का आल्या, पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "रडू नको व बाई, सोननं मरन उनं तिले." सोन्यासारखं मरण आलं म्हणे तुला. सगळ्यांना वाटलं मी तुझ्यासाठी रडते आहे. तुला खरं सांगते, त्या वेळी मी तुझ्यासाठी रडत नव्हते. मी माझ्या सहा खिळ्यांसाठी रडत होते. 'गप्प' या शब्दाला मी समोरची बाजू कोरी ठेवून सगळं काम पाठीमागे केलं होतं, तू उलटून बघेपर्यंत मी श्वास धरून बसले होते, त्यासाठी रडत होते. 'विहीर'साठी काचेचे सात थर लावले होते, त्यात बोट कापलं होतं. ते सगळं कुठल्या ढिगाऱ्यात पडलं असेल, त्यावर काय पडलं असेल, हे डोळ्यांपुढून जाईना. तुझ्या गंधमुक्तीच्या दिवशी मी स्वतःसाठी रडले. लाज वाटते आहे, पण तुझ्यापासून कधी काही लपवलं नाही, आता कशाला लपवू?

प्रियंकाचा यात काही दोष नाही. मी तिला जवळ घेऊन तसं सांगितलं. तिला ते पटलं की नाही कुणास ठाऊक, बिचारी दिवसभर माझ्या मागे मागे फिरत होती, दोनदा चहा आणून दिला. तूही तिला बोलणार नाहीस हे मला माहीत आहे, पण मला बोलली असतीस, आणि बरंच बोलली असतीस.

संध्याकाळी निखिलनं तुझी शाळेची पिशवी दिली. म्हणाला, यात पण तसलंच काहीतरी आहे, हे मी बाजूला ठेवलं. तीन तुकडे. झाकण, पायरी, हळद. मी उत्तर देत नव्हते तरी तू केले होतेस. 'झाकण'वर नुसतं एक गंजाचं वर्तुळ होतं. डब्याचं ओलं पत्र्याचं झाकण तू पुठ्ठ्यावर पालथं घालून ठेवलं असशील, गंज उतरेपर्यंत. दिवस लागतात त्याला. म्हणजे इतके दिवस तू ते उचलून उचलून बघत असणार आणि परत ठेवत असणार, आणि मी इकडे तुझ्या फोनची वाट बघत होते आणि फोन करत नव्हते. तुझे मी किती आभार मानू, आणि लाजेनं तोंडावर घेतलेला हा हात कधी काढू, कळत नाही.

निखिलनं हॉलचं विचारलं. पुढच्या महिन्यातला रविवार आहे, मम्मीनं सांगून ठेवलंय, रद्द करू का? तो असं विचारत होता की मी हो म्हटलं तर त्याला सुटल्यासारखं होईल. मी म्हणाले, करू नको.

तुझी सगळी चित्रं माझ्याकडे आहेत, धडधाकट आहेत. मी त्यांना फ्रेम करते आहे, काच न लावता, तुला काच आवडत नव्हती म्हणून. दुकानातली बाकी कामं मागे पडली आहेत, गिऱ्हाइकं चिडली आहेत, एका नवरीची आई तर दुकानात येऊन मला चार शब्द सुनावून गेली. तुझ्या प्रत्येक चित्राच्या उजव्या हाताला तेवढीच जागा माझ्या चित्राची म्हणून रिकामी सोडायची ठरवली आहे. पुन्हा करून लावावं असं दोन दिवस मनात होतं. एक करून पाहिलं, खिळ्यांचं. हात बरोबर चालला पण ते तसं झालं नाही. ते मोडून टाकलं.

काल निखिल धुळ्याला आला, नावाच्या पट्ट्या छापायच्या म्हणून. लॅपटॉप काउंटरवर ठेवून एकेक शब्द टाईप करत होता. तुझी बाजू झाली. सामान काय, नाव काय, सगळं मी सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, आता तुमच्या बाजूचं. तिथं तर काही नाही, मग काय लिहू?"

मी म्हणाले, "शब्द, भूक. सामान, सहा खिळे आणि पाच वॉशर. काम, निर्मला. खाली लिही, हे आता नाही."

त्यानं लिहिलं. मान वर करून विचारलं, "एवढंच?"

"नाही," मी म्हणाले. "पुढे लिही, चांगलं होतं."

त्याचं बोट थांबलं. "मावशी, स्वतःच्या कामाबद्दल असं लिहितात का?"

"लिही," मी म्हणाले. "माझं काम चांगलं आहे असं तुझ्या आईला सहा वर्षांत एकदाही म्हटलं नाही मी. माझ्या सगळ्या पट्ट्यांवर लिही."